कशातले किती, कधीपासून : गर्भधारणेच्या परिभाषेविषयी

वंध्यत्वाच्या तपासणीसाठी उघडलेल्या फाइलीत पहिल्या दोन-तीन भेटींतच एलएमपी, एफएसएच, एएमएच, एचएसजी अशी आद्याक्षरे जमा होतात, आणि ती ज्यांच्या शरीराविषयी लिहिलेली असतात त्या दोघांना त्यांचा अर्थ बहुधा दवाखान्याबाहेर, औषधाच्या दुकानात, नात्यातल्या एखाद्या परिचारिकेकडून किंवा मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी कळतो. घरी पोहोचेपर्यंत या तुकड्यांचे निकाल झालेले असतात: ‘अंडं फुटत नाही’, ‘नळ्या बंद आहेत’, ‘पिशवी लहान आहे’, ‘काउंट कमी आहे’. ही वाक्ये मराठी घरांत आता इतकी रुळली आहेत की डॉक्टरांनी लिहिलेले मूळ विधान नेमके काय होते, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या मूळ विधानांकडे परत जाण्यासाठी आहे. या क्षेत्रातील बहुतेक संज्ञा कशाच्या ना कशाच्या मोजणीतून जन्मलेल्या आहेत, आणि ती मोजणी कोणत्या दिवसापासून व किती जणांमधून केली हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही, एवढेच या प्रस्तावनेत दाखवावयाचे आहे.

‘वंध्यत्व’ या संज्ञेपासूनच आरंभ करणे योग्य ठरेल, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिच्याभोवती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कोणतेही गर्भनिरोधक न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही १२ महिने किंवा त्याहून अधिक काळ गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व. पूर्वी एकदाही गर्भधारणा झालेली नसेल तर ते प्राथमिक आणि झालेली असेल तर दुय्यम, मग ती पहिली गर्भधारणा पूर्ण काळ टिकलेली असो वा नसो. या व्याख्येत मूल होणार नाही असे कोठेही म्हटलेले नाही. वैद्यकाला केव्हातरी तपासणी सुरू करावी लागते आणि ती केव्हा करावी याची ही एक मान्य रेषा आहे, जी स्त्रीचे वय ३५ ओलांडलेले असल्यास ६ महिन्यांवर आणली जाते आणि चाळिशीनंतर त्याहूनही अलीकडे. बारा महिन्यांचीच रेषा का, याचे उत्तर संभाव्यतेत आहे. तरुण व निरोगी जोडप्यातही एका मासिक चक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण पाचात एक ते चारात एक इतकीच असते. अशा जोडप्यांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्क्यांना वर्षभरात यश येते, आणि उरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसऱ्या वर्षात कोणत्याही उपचाराविना दिवस राहतात. लग्नानंतर चौथ्या महिन्यात ‘काही विशेष?’ असे विचारणाऱ्या समाजाला हे गणित ठाऊक नसते, आणि खेदाची गोष्ट अशी की ज्यांना ते विचारले जाते त्यांनाही ते बहुधा कोणी सांगितलेले नसते.

हीच रेषा कायद्याने ओढायची झाली की तिचे परिणाम वेगळे होतात. भारताच्या २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात वंध्यत्वासाठी एक वर्षाचीच मुदत आहे. मात्र सरोगसीविषयीच्या २०१९ च्या विधेयकात ती ५ वर्षे होती, आणि राज्यसभेच्या प्रवर समितीने ती व्याख्या वगळण्याची शिफारस केली. गर्भाशयच नसलेल्या स्त्रीने पाच वर्षे कशाची वाट पाहावयाची होती, हा प्रश्न त्या मुदतीमागे उभा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालातील ‘दर सहा प्रौढांमागे एक’ हा आकडाही असाच जपून वाचावा लागतो. सुमारे १७.५ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो असा त्याचा अर्थ आहे. आज या घडीला तेवढे लोक अपत्यहीन आहेत असा नाही.

मोजणीच्या आरंभबिंदूने सर्वाधिक गोंधळ होतो तो एलएमपीच्या बाबतीत. एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, आणि पहिला दिवस म्हणजे डाग दिसला तो नव्हे, नेहमीसारखा स्राव सुरू झाला तो. गर्भावस्थेचे ४० आठवडे किंवा २८० दिवस याच तारखेपासून मोजतात, कारण फलन कोणत्या दिवशी झाले हे सहसा कोणालाच माहीत नसते, पाळीची तारीख मात्र आठवते. परिणामी ‘चार आठवड्यांची गर्भवती’ अशी नोंद झालेल्या स्त्रीच्या पोटातील गर्भ प्रत्यक्षात सुमारे दोनच आठवड्यांचा असतो, आणि मोजणीच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर गर्भ अस्तित्वातच नसतो. नवरा परगावी नोकरीला किंवा जहाजावर असलेल्या घरांत या दोन आठवड्यांनी नको ते हिशेब मांडले जातात, म्हणून ही रूढी समजून घेणे केवळ ज्ञानवर्धक नाही, प्रसंगी ते स्त्रीच्या सुरक्षिततेशी जोडलेले आहे.

पाळीच्या चक्राचे दोन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या प्रभावाने बीजांडकोशातील काही पुटके, म्हणजे स्त्रीबीज आत बाळगणाऱ्या द्रवाच्या सूक्ष्म पिशव्या, वाढू लागतात. त्यांतील सहसा एकच पक्व होते आणि एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची पातळी एकाएकी उसळली की साधारण दीड दिवसाने ते पुटक फुटून बीज बाहेर पडते. यालाच बीजमोचन किंवा ओव्ह्युलेशन म्हणतात. फुटते ते पुटक, बीज नव्हे. दुसऱ्या टप्प्यात रिकाम्या पुटकातून प्रोजेस्टेरॉन स्रवते आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यासाठी तयार होते. हा दुसरा टप्पा बहुतेक स्त्रियांत १२ ते १४ दिवसांचा आणि बराच स्थिर असतो, तर पहिला कमीजास्त होतो. म्हणून २८ दिवसांच्या चक्रात बीजमोचन चौदाव्या दिवसाच्या आसपास येते, पण ३५ दिवसांच्या चक्रात ते एकविसाव्याच्या आसपास जाते, आणि ‘चौदावा दिवस’ हा सर्वांना लावलेला नियम अनेकींच्या बाबतीत चुकतो. जपानमधील क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे हेच ओळखले होते, की बीजमोचनाचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजण्यापेक्षा येणाऱ्या पाळीपासून मागे मोजला तर अधिक नेमका सापडतो; अडचण एवढीच, की येणारी पाळी अजून आलेली नसते.

या अडचणीतूनच ‘सुफल काळ’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की गर्भधारणा बीजमोचनाच्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत झालेल्या संबंधांतूनच होते, त्यानंतरच्या संबंधांतून नाही. कारण सरळ आहे: शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास. सकाळी उठल्याबरोबर घेतलेल्या शरीराच्या तापमानाची पद्धत म्हणूनच मर्यादित उपयोगाची ठरते. बीजमोचनानंतर तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर वाढते खरे, पण ते वाढलेले दिसेपर्यंत सुफल काळ संपत आलेला असतो, तेव्हा ती पद्धत झालेल्या घटनेची नोंद करते, येणाऱ्या घटनेची सूचना देत नाही. लघवीतील एलएच तपासणाऱ्या पट्ट्या आगाऊ सूचना देतात, तथापि पीसीओएस हा लक्षणसमूह असलेल्या काही स्त्रियांत हे संप्रेरक एरवीही चढे असल्याने पट्टी फसवू शकते. आपल्याकडील दवाखान्यांत यासाठी ‘फॉलिक्युलर स्टडी’ केली जाते, म्हणजे चक्राच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड योनीमार्गे सोनोग्राफी करून पुटकाचा आकार मिलिमीटरमध्ये टिपला जातो. १८ ते २२ मिलिमीटरचे पुटक पक्व मानतात. आकडे वाढताना पाहणे आणि त्या आकड्यांनुसार ‘आज’, ‘उद्या’ असे ठरवून पतिपत्नींनी एकत्र येणे यांचा मनावर जो ताण पडतो त्याला फाइलीत रकाना नाही.

एएमएच या तीन अक्षरांनी गेल्या काही वर्षांत जितकी झोप उडवली आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही चाचणीने उडवली नसेल, म्हणून तिच्यापाशी थोडे अधिक थांबणे भाग आहे. स्त्री जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत साधारण १० ते २० लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात, आणि त्यांतील चार-पाचशेच काय ती आयुष्यभरात बाहेर पडतात. बाकीची विरून जातात. बीजांडकोशांत त्या-त्या वेळी उरलेल्या साठ्याला बीजसाठा म्हणतात. लहान पुटकांमधील पेशी अँटी-म्युलेरियन हॉर्मोन नावाचे संप्रेरक स्रवतात, आणि रक्तातील त्याच्या पातळीवरून, तसेच सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान पुटकांच्या संख्येवरून, साठ्याचा अंदाज बांधला जातो. हा अंदाज कशासाठी उपयोगी आहे? आयव्हीएफपूर्वी, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याच्या उपचारापूर्वी, दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांना बीजांडकोश किती प्रतिसाद देईल, किती बीजे हाती लागतील आणि औषधाची मात्रा किती ठेवावी, हे ठरवण्यासाठी. बीजांचा दर्जा त्यातून कळत नाही. तो मुख्यतः वयाशी बांधलेला आहे. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या सुमारे ७५० स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात एएमएच कमी असलेल्यांची नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. महिन्याला एकच बीज लागत असेल तर कोठारात किती आहेत याने त्या महिन्यापुरता फारसा फरक पडत नाही, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. तरीही लग्न न ठरलेल्या मुलींनी ‘खात्रीसाठी’ ही चाचणी करून घ्यावी असे सुचवणाऱ्या पॅकेजांच्या जाहिराती शहरांतून दिसतात, हे चाचणीच्या नव्हे तर बाजाराच्या तर्कशास्त्राला धरून आहे. आणखी एक व्यावहारिक बाब अशी, की भारतातील प्रयोगशाळा ही पातळी सहसा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या एककात देतात, ब्रिटनसारख्या देशांत ती पिकोमोल प्रति लिटरमध्ये मिळते, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे सातपट असतो. लंडनला राहणाऱ्या बहिणीचा १४ आणि पुण्यातील बहिणीचा २ हे दोन अहवाल शेजारी ठेवून रडण्याचे कारण नाही, कारण ते एकाच पातळीचे आहेत.

पीसीओएस, ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास पीसीओडी म्हटले जाते, त्याविषयी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण असल्याने येथे इतकेच नोंदवणे पुरे, की १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी वर्णन केलेल्या या लक्षणसमूहाचे निदान २००३ च्या रॉटरडॅम निकषांपासून तीनपैकी दोन गोष्टी आढळल्यास केले जाते: अनियमित बीजमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र. नुसत्या सोनोग्राफीच्या अहवालावरून, पाळी नियमित असताना, ते निदान होत नाही. आणि ज्यांना गाठी म्हणून भ्यायले जाते त्या वाढ अर्ध्यावर थांबलेल्या पुटकांखेरीज दुसरे काही नसतात.

पुरुषाची तपासणी एका चाचणीत आणि अल्प खर्चात होऊ शकत असतानाही ती सर्वांत शेवटी होते, अनेकदा पत्नीच्या नळ्यांची तपासणी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाल्यानंतर. भाषाही या उलट्या क्रमाला साथ देते: ‘वांझ’ हा शब्द स्त्रीलाच चिकटतो, आणि पुरुषाच्या वाट्याला येणारा ‘नपुंसक’ हा शब्द संभोगाच्या क्षमतेविषयी आहे, ज्याचा शुक्राणूंच्या संख्येशी संबंध असेलच असे नाही, उत्तम शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. त्या अवस्थेला अझूस्पर्मिया म्हणतात. संख्या कमी असल्यास ऑलिगो, हालचाल कमी असल्यास अस्थेनो आणि आकार सदोष असल्यास टेराटो ही उपपदे लावतात, आणि तिन्ही एकत्र आली की अहवालावर एक लांबलचक शब्द उमटतो जो वाचूनच माणसाचा धीर सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या दर मिलिलिटरमागे १.६ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के आणि सामान्य आकाराचे शुक्राणू ४ टक्के या किमान संदर्भमर्यादा आहेत. त्या आल्या कोठून? वर्षभराच्या आत ज्यांच्या जोडीदारांना दिवस राहिले अशा पुरुषांच्या वीर्याची मोजमापे चढत्या क्रमाने मांडून खालून पाच टक्क्यांवर ही रेषा आखली आहे. म्हणजे या रेषेखाली असलेलेही बाप झालेलेच पुरुष आहेत, आणि रेषेवर असणे ही पितृत्वाची हमी नाही. ‘फक्त ४ टक्के नॉर्मल’ वाचून उरलेले ९६ टक्के रोगट आहेत असे मानणाऱ्याला ही पार्श्वभूमी सांगणे डॉक्टरांना दोन मिनिटांचे काम आहे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी ताप किंवा मोठे आजारपण झाले असल्यास फेरतपासणी तीन महिन्यांनी करणे इष्ट, आणि एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढणे अनिष्ट.

बीजवाहिन्यांच्या, म्हणजे बोलीतील ‘नळ्यां’च्या, तपासणीविषयी, जिला एचएसजी म्हणतात आणि जिच्यात गर्भाशयात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणचित्र घेतात, एवढे ध्यानात ठेवावे की तपासणीच्या वेळी नळीचे तोंड आकुंचन पावल्यानेही ती बंद दिसू शकते. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नळ्या खरोखर बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे, हेही खरे. सर्व तपासण्या नीट आल्या आणि तरी गर्भ राहिला नाही तर ‘कारण अज्ञात’ असे निदान लिहिले जाते. ते उपलब्ध चाचण्यांच्या आवाक्याविषयीचे विधान असून जोडप्याच्या कर्माविषयीचे नाही.

गर्भ राहिल्यानंतरची परिभाषा अधिक नाजूक आहे. फलित बीज बीजमोचनानंतर बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजते आणि मगच एचसीजी हे संप्रेरक रक्तात दिसू लागते. त्याआधी केलेली चाचणी नकारार्थी येणारच, आणि बीजमोचनासाठी एचसीजीचेच इंजेक्शन दिलेले असेल तर लवकर केलेली चाचणी खोटा होकारही देऊ शकते. रक्तात एचसीजी आढळले पण सोनोग्राफीत गर्भकोश दिसण्यापूर्वीच ते ओसरले, तर त्याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. या घटना पूर्वीही घडत असत, फक्त पाळी दोन-चार दिवस पुढे गेली एवढेच त्यांचे रूप दिसे. संवेदनशील चाचण्यांनी त्यांना नाव दिले आणि नावाबरोबर दुःखही. फाइलीवर ‘जी २ पी ० ए १’ असे लिहिलेले असते तेव्हा जी म्हणजे आजवरच्या गर्भधारणा, पी म्हणजे गर्भ जगण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचल्यानंतरच्या प्रसूती आणि ए म्हणजे त्याआधी संपलेल्या गर्भधारणा, मग त्या आपोआप संपलेल्या असोत वा संपवलेल्या. हवेहवेसे मूल गमावलेल्या स्त्रीला आपल्या कागदावर ‘अ‍ॅबॉर्शन’ हा शब्द दिसतो आणि आपण काही केले असा आरोप त्यात वाचला जातो. मराठीतील ‘गर्भपात’ही दोन्ही अर्थांना एकच असल्याने तेथेही सुटका नाही. प्रस्तुत पुस्तकात म्हणून पहिल्या अर्थी सर्वत्र ‘आपोआप झालेला गर्भपात’ असे लांब पण स्पष्ट रूप वापरले आहे.

राहिला यशाचा दर. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली आयव्हीएफने गर्भ राहिलेल्या स्त्रीने मुलीला जन्म दिला, त्या काळी वृत्तपत्रांनी ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द घरोघरी पोहोचवला, आणि आज जिल्ह्याच्या गावीही या उपचाराचे फलक टक्केवारीसह झळकतात. ती टक्केवारी वाचण्यासाठी छेद आणि अंश दोन्ही विचारावे लागतात. समजा, १०० स्त्रियांचा उपचार सुरू झाला. त्यांपैकी ८० जणींमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडण्यापर्यंत मजल गेली. ४० जणींची रक्तचाचणी होकारार्थी आली, ३२ जणींच्या सोनोग्राफीत गर्भकोश दिसला आणि २४ जणींना जिवंत मूल झाले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. यांतून होकारार्थी चाचण्यांना भ्रूणरोपणाने भागले तर यश ५० टक्के, गर्भकोशांना भागले तर ४० टक्के, आणि जिवंत जन्मांना सुरू केलेल्या उपचारांनी भागले तर २४ टक्के; तिन्ही विधाने खरी आहेत, आणि जोडप्याला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते त्याचे उत्तर फक्त शेवटच्यात आहे. त्यात पुन्हा त्या शंभर जणींचे वय काय होते, कठीण प्रकरणे आधीच वगळली होती का, बीज स्वतःचे होते की दात्रीचे, आणि दर एका प्रयत्नाचा आहे की अनेक प्रयत्नांचा एकत्रित, हे प्रश्न उरतातच. पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात दवाखान्यात विचारण्याजोगे असे प्रश्न सविस्तर दिले आहेत.

मराठीत या विषयावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यासाठी खटले सोसले, आणि शरीराच्या अवयवांना व क्रियांना आडपडदा न ठेवता नावे दिली. त्यांचा मुख्य भर संतती मर्यादित ठेवण्यावर होता, आणि संतती हवी असलेल्यांचा प्रश्न त्या काळाच्या ऐरणीवर नव्हता. परंतु ज्ञान हे दोघांनाही समान लागते, कारण सुफल काळ टाळणारा आणि साधणारा एकाच दिनदर्शिकेकडे पाहत असतो.

संज्ञांच्या निवडीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ज्या संज्ञा अहवालांवर आद्याक्षरांनी येतात त्या येथे तशाच, देवनागरीत, ठेवल्या आहेत, कारण वाचकाला त्या फाइलीत ओळखता आल्या पाहिजेत. बीजमोचन, पुटक, बीजवाहिनी असे मराठी प्रतिशब्द प्रथम येतात तेथे स्पष्ट केले आहेत आणि पुढे वापरले आहेत. ‘पिशवी’, ‘नळ्या’, ‘अंगावर जाणे’ हे बोलीतील शब्द सूचीत मुद्दाम घेतले आहेत, जेणेकरून तपासणी करणाऱ्या नवख्या डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग व्हावा. औषधांच्या मात्रा कोठेही दिलेल्या नाहीत, आणि ‘वांझ’ हा शब्द या परिच्छेदानंतर पुस्तकात पुन्हा येत नाही.